बॅकलॉगमधला पाडा

टोकावड्याला माळशेजच्या रस्त्यावर ढाब्यांची जी रांग आहे, तिच्यातला शेवटून दुसरा ढाबा प्रणयचा. पुढे बाकं, मधे भट्टी, आणि मागे एक खोली. त्या खोलीत पूर्वी तांदळाची पोती नि गॅसचे सिलिंडर असत. लग्न होऊन कुणाली आली, तेव्हा पोती पडवीत गेली आणि खोलीत टेबल, पंखा आणि तिचा लॅपटॉप आला. घरात मोबाइलची रेंज धड मिळत नसे, ढाब्यामागे मात्र चांगली मिळे. त्यामुळे कांदा परतल्याच्या वासात आणि ट्रकच्या हॉर्नात कुणालीची नोकरी चाले. आठवड्यातून एकदा ती ऐरोलीच्या ऑफिसात जाई, बाकीचे दिवस इथेच.

ती शेणव्याची. वडील देवजी एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. पोरीनं कल्याणला कॉलेज केलं, कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं, एका कंपनीत टेस्टर म्हणून लागली आणि पुढे तिथेच स्क्रम मास्टर झाली. हा हुद्दा ऐकून देवजींना आधी शाळामास्तराची आठवण झाली होती.

"तू नक्की करतेस काय गो?" एकदा त्यांनी विचारलं.

"काम दुसरी पोरं करतात, बाबा. त्यांचं काम कुठं अडू नये, ते मी बघते."

"म्हणजे मुकादम."

"मुकादम हुकूम देतो. मला हुकूम देता येत नाय."

देवजींनी थोडा विचार केला. "मग अडलं तर काय करतेस?"

"ज्याच्याकडं अडलं त्याला विनंती करते."

देवजी हसले, पण लेकीचा पगार वेळेवर होत होता आणि तिला काम आवडतही होतं, त्यामुळे त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

तिला काम खरोखरच आवडे. तिच्या कंपनीत मोठं काम वर्षभराचं एकदम ठरवत नसत. पंधरवड्या-पंधरवड्याचे तुकडे पाडायचे. अशा एका तुकड्याला स्प्रिंट म्हणत. स्प्रिंट संपला की झालं तेवढं काम गिऱ्हाइकाला दाखवायचं, त्याला काय रुचलं काय खटकलं ते ऐकायचं आणि पुढचा तुकडा त्याप्रमाणे बेतायचा. करायची राहिलेली सगळी कामं एका यादीत असत. ती यादी म्हणजे बॅकलॉग. स्क्रम मास्टरच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, की या पद्धतीत ज्याच्यासाठी काम चाललंय त्याचा शब्द सर्वांत मोठा. कुणालीला ते मनापासून पटलं होतं. एसटीच्या कॉलनीत वाढलेल्या पोरीला, वरून आलेला हुकूम खालच्याला कसा जाचतो, ते ठाऊक होतं. इथे उलटं होतं. खालच्याचं वर ऐकायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या टीमला एका सरकारी खात्याचं मोठं काम आलं. उन्हाळ्यात ज्या गावांना टँकरनं पाणी द्यावं लागतं, त्या गावांची मागणी, टँकरच्या फेऱ्या, ड्रायव्हरची हजेरी, ठेकेदाराचं बिल, हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं होतं. काम एवढं मोठं, की त्यावर दहा-अकरा टीम बसल्या होत्या. एक टीम गावांची माहिती सांभाळी, एक नकाशे करी, एक बिलं, एक साहेबांना दिसणारे तक्ते. कुणालीच्या टीमकडे ड्रायव्हरच्या मोबाइलवरचं ॲप होतं. टँकर ठरल्या जागी रिकामा झाला तरच फेरी धरायची, वाटेतून दुसरीकडे वळला तर साहेबाच्या तक्त्यावर लाल खूण उमटायची, असं काहीबाही तिच्या पोरांनी मेहनतीनं बसवलं होतं. पाणी परस्पर विकणारे ठेकेदार त्यानं पकडले गेले. तेव्हा ऑफिसात केक कापला होता आणि कुणालीनं एक तुकडा सासूसाठी, शकूबाईंसाठी, डब्यातून आणला होता.

मालू ढाब्यावर भाकऱ्या करायला येई. वैशाखऱ्याच्या वर डोंगराच्या कुशीत बेहडपाडा म्हणून वीसेक घरांची वस्ती आहे, तिथली ती. नवरा चांगो, सासू काशी, दोन लहान मुली. रोज सकाळी उतरून रस्त्यावर येई, मिळेल त्या गाडीनं टोकावडे गाठी, दुपार टळली की परत जाई. तिच्या हातची भाकरी खायला म्हणून घाटात जाणारे ड्रायव्हर थांबत. वेळेची ती पक्की होती. पण होळी झाली आणि ती उशिरा येऊ लागली. कधी भट्टी पेटून तव्यावरची पहिली गर्दी उरकल्यावर उगवे. शकूबाई कुरकुरू लागल्या. एका दिवशी तर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा डोळे सुजलेले.

"पानी भरते, आई," ती शकूबाईंना म्हणाली. "झिऱ्यावर रातीच्या अंधारात जाऊन बसावं लागतं. वाटीवाटीनं भरतं. विहीर तर कधीच आटली."

"गेल्या साली टँकर येत होता ना गो वर?"

"येत होता. या साली वैशाखऱ्याला येतो नि तिथूनच मागं फिरतो. आमच्या विहिरीत टाकत नाय."

कुणाली चहा घ्यायला पुढे आली होती. टँकर म्हटल्यावर तिचे कान टवकारले. "का टाकत नाय?"

"कोन जाने. मोबाइलमध्ये आमचा पाडा नाय म्हनतात."

टँकर चालवणारा शाम दुपारी याच ढाब्यावर जेवायला बसे. कुणालीनं त्याला गाठलं. त्यानं हात धुतले, खिशातून मोबाइल काढला आणि तिच्यासमोर धरला. पडद्यावर तिच्याच टीमनं केलेलं ॲप होतं. रंगसुद्धा तिनंच निवडला होता.

"बघा ताई. वैशाखरे आहे. खाली बेहडपाडा कुठं दिसतो का? नाय. मी गेलो होतो दोनदा, दरसालची सवय. वर पोचलो, पानी टाकलं. फेरी धरलीच नाय, उलट लाल झाली. मालकानं बोलावून सांगितलं, आता वळलास तर गाडी दुसऱ्याला देईन. मला पन पोरं आहेत."

"पण गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी ग्रामसेवक कागदावर गाव नि पाडे लिहून द्यायचे, ते मोबाइलबरोबर चालायचं. आता कागद बंद."

कुणाली मागच्या खोलीत आली. तिला वाईट वाटलं, पण घाबरल्यासारखं काही वाटलं नाही. उलट थोडं हायसंच वाटलं. कारण चूक सापडली होती आणि ती तिच्याच हातातल्या यंत्रात होती. गावाच्या खाली पाडा निवडायची सोय नाही, एवढंच तर होतं. तिनं लगेच मागणी लिहिली, कंपनीच्या रीतीप्रमाणे, वापरणाऱ्याच्या तोंडून: पाड्यावर राहणारी बाई म्हणून मला माझ्या पाड्याच्या नावानं टँकर हवा आहे, म्हणजे मला झिऱ्यावर रात्र काढावी लागणार नाही. एवढं खरं वाक्य तिनं त्या चौकटीत याआधी कधी लिहिलं नव्हतं.

"होईल गो," ती मालूला म्हणाली. "पंधरा-वीस दिवस लागतील."

मालूनं ते पाड्यावर जाऊन सगळ्यांना सांगितलं.

स्प्रिंटच्या बैठकीत कुणालीनं मागणी मांडली. बॅकलॉगमधलं कुठलं काम आधी घ्यायचं, हे ठरवायचा अधिकार स्वरूपचा. तो ठाण्याला बसे, स्वभावानं चांगला, कुणालाही तोडून बोलत नसे. त्यानं मागणी वाचली.

"एकदम बरोबर मुद्दा आहे," तो म्हणाला. "किती काम आहे रे, सुरज?"

सुरज टीममधला सगळ्यात चलाख प्रोग्रॅमर. "आपल्याकडचं फार नाही. दोन दिवस. पण पाड्यांची नावं कुठून आणायची? गावांची यादी आपली नाही. ती माहितीवाल्या टीमची."

"मग त्यांच्याशी बोलून घ्या. तोवर बॅकलॉगमध्ये ठेवू. वरती ठेवतो."

माहितीवाल्या टीमची स्क्रम मास्टर भाविका. दोघी एकाच प्रशिक्षणाला होत्या, जेवायला एका टेबलावर बसलेल्या. कुणालीनं तिला फोन लावला.

"अगं, मी घेतलं असतं," भाविका म्हणाली. "पण आमचं तिमाहीचं नियोजन झालंय. सगळे स्प्रिंट भरलेत. आता मधेच काही घेतलं तर दुसरं काढावं लागतं आणि जे काढू त्याच्यावर तीन टीम अवलंबून. पुढच्या मोठ्या नियोजनात तू ये, फळ्यावर तुझ्या टीमकडून आमच्या टीमकडे लाल दोरा लाव, म्हणजे तुमचं काम आमच्यावर अडलंय हे सगळ्यांना दिसेल. मग ते अधिकृत होईल."

"ते नियोजन मेच्या शेवटी आहे."

"हो."

"मेच्या शेवटी पाणी घेऊन काय करतील गं ते लोक?"

भाविकानं नियोजन पुन्हा चाळलं. मग म्हणाली, "दुसरा रस्ता एकच. खात्याकडून लेखी आलं, की अमुक पाडा अमुक गावात, तर मी तातडीचं म्हणून वर पाठवू शकते. आपल्या मनानं नाव घालता येत नाही गं. उद्या कुणीही कुठलाही पाडा घालेल."

हेही खरंच होतं. कुणालीनं रजा टाकली आणि चांगोला घेऊन मुरबाडला तालुक्याच्या ऑफिसात गेली. चांगो धुतलेला सदरा घालून आला होता. तिथल्या क्लार्कनं दोघांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला.

"मॅडम, हे बघा. गाव निवडलं. आता खाली पाडा भरायला जागाच नाही. मी भरणार कुठं? तुमच्याच कंपनीनं केलंय ना हे?"

"तुम्ही कागदावर लिहून द्या. मी ते कंपनीत पोचवते."

"कागद काढायला बंदी आहे. जे असेल ते सिस्टीमवर, असा आदेश आहे. मी कागद दिला तर मलाच विचारतील."

"मग सिस्टीमवर तक्रार टाका."

त्यानं तक्रारीची खिडकी उघडली. पहिलाच प्रश्न होता: पाणीपुरवठ्याचे ठिकाण निवडा. आणि त्याखाली गावांची तीच यादी. क्लार्कनं तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत कुचेष्टा नव्हती. तोही थकलेला माणूस होता. "मी वैशाखरे निवडून टाकतो," तो म्हणाला. त्यानं टाकली. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं, की वैशाखरे येथे टँकर नियमित सुरू असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

परतीच्या एसटीत चांगो खिडकीबाहेर बघत होता. सरळगाव मागे पडल्यावर त्यानं तोंड उघडलं.

"वहिनी, रागावू नका. पन तुमी त्याच हापिसात हायत ना?"

"हो, पण माझं काम वेगळं आहे. यादी दुसऱ्यांकडे आहे. त्यांना खात्याचा कागद लागतो. आणि कुठलं काम आधी घ्यायचं, ते ठरवणारे तिसरे."

"मग सगळ्यांचा मोठा कोन?"

प्रशिक्षणात सांगितलं होतं, की या पद्धतीत मोठं-लहान कुणी नसतं, सगळे मिळून ठरवतात. ते तिनं चांगोला सांगितलं नाही.

एप्रिल लागला. प्रणयनं ढाब्याच्या बोअरचं पाणी पिंपात भरून टेम्पोनं पाड्याच्या पायथ्याला नेलं. भरल्या पिंपांसकट जुना टेम्पो वर चढेना, म्हणून बायका खाली आल्या आणि हंड्यांनी वाहून नेलं. तीन-चारदा त्यानं अशी खेप केली. मग बोअरलाच दम लागू लागला, मोटर चालू केली की आधी नुसती हवा येई. ढाब्यावर आल्या माणसाला प्यायला पाणी द्यायची पंचाईत झाली.

"आता नाय जमणार," तो बायकोला म्हणाला. तिनं मान वर केली, तसा तो पुढे म्हणाला, "माझ्याकडं नको बघूस. मी काय करू?"

स्प्रिंट संपला की जे काम दाखवत, त्या बैठकीला खात्याचे बडे साहेबही ऑनलाइन येत. कुणालीनं मालूच्या मोबाइलवर झिऱ्याचा व्हिडिओ काढून घेतला होता. दगडाच्या बेचक्यात करवंटीनं पाणी भरणारी बाई, तिच्यामागे ओळीनं मांडलेले हंडे, आणि हंड्यांजवळ निजलेल्या मुली. सुरजचं काम दाखवून झाल्यावर तिनं विचारलं, की दोन मिनिटं घेऊ का. आणि तिनं तो व्हिडिओ लावला.

व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. मग साहेब म्हणाले, "ही फार मोलाची माहिती आहे. जमिनीवरून असं यायला हवं. याची नोंद घ्या, उच्च प्राधान्य द्या." स्वरूपनं लगेच तशी नोंद केली. बऱ्याच जणांनी पडद्यावर टाळ्यांची चित्रं पाठवली. कुणालीला वाटलं, झालं काम. तिनं मालूला हाक मारून सांगितलंसुद्धा, की मोठ्या साहेबानं बघितलं. मालूनं पिठाचे हात पदराला पुसले आणि नुसती मान हलवली.

बैठक संपल्यावर स्वरूपचा फोन आला.

"तू केलंस त्यामागची भावना मला कळते, कुणाली. पण असं करायला नको होतं. तू स्क्रम मास्टर आहेस. साहेबांपुढे मागणी मांडणं तुझं काम नाही, मांडलेली मागणी नीट पार पडते की नाही हे बघणं तुझं काम. उद्या प्रत्येक टीमची स्क्रम मास्टर आपल्या गावचा व्हिडिओ लावेल."

"साहेब म्हणाले ना पण, उच्च प्राधान्य?"

"त्या रकान्यात उच्च प्राधान्याच्या दोनशेच्या वर मागण्या आहेत." त्याचा आवाज उतरला. "पुढच्या महिन्यात वरून पाहणी आहे. जिल्ह्याजिल्ह्याचे तक्ते दाखवायचेत. सगळ्या टीम त्याच्यावर लागल्यात. मला रोज तीन ठिकाणांहून फोन येतात गं. माझ्या हातात असतं तर आजच केलं असतं."

तो खोटं बोलत नव्हता, हे तिला आवाजावरून कळलं, आणि त्यामुळे तिला भांडताही आलं नाही. भाविका चांगली, स्वरूप चांगला, क्लार्क चांगला, शामही चांगला. प्रत्येकाच्या मागे दुसरा कुणी उभा होता आणि त्याच्याही मागे आणखी कुणी.

सुरजला मात्र राहवलं नाही. त्यानं कुणाला न विचारता, आपल्या सुटीच्या दिवशी, ॲपमध्ये एक सोय करून टाकली. ड्रायव्हरनं टँकर जिथे रिकामा केला, ती जागा त्यानंच नकाशावर टोचायची आणि नाव लिहायचं. गावांच्या यादीची गरजच नाही. त्यानं ते कुणालीला दाखवलं, आणि तिनं चाचणीसाठी बेहडपाडा असं लिहून बघितलं. पडद्यावर पाड्याचं नाव आलं. ती बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिली.

पण चाचणीतून ते बाहेर जाईना. पाहणी होईपर्यंत नवं काही चालू करायचं नाही, असा सगळ्या टीमना निरोप होता. पाहणी झाली, ती छान झाली म्हणतात. मग बिलवाल्या टीमनं हरकत घेतली, की ड्रायव्हरनं स्वतः टोचलेल्या जागेवर बिल निघू लागलं तर पाणी विकणारे पुन्हा मोकळे सुटतील. पाणी विकणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तर कुणालीच्या टीमनं ते लाल खुणेचं काम केलं होतं. सुरजनं केलेलं काम परत बॅकलॉगमध्ये गेलं, शेजारी शेरा आला: चर्चा आवश्यक.

मेच्या मध्यावर काशी पडली.

मालूला ताप होता म्हणून म्हातारी सुनेऐवजी झिऱ्यावर गेली होती. उतरताना धोंडा निसटला. चांगोनं आणि पाड्यावरच्या माणसांनी तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणलं. प्रणयनं टेम्पोत गादी टाकून तिला मुरबाडला नेलं, तिथून पुढे कल्याणला. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली, पण वय बघता पुन्हा पायावर उभी राहील याची आशा धरू नका, असं चांगोला स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे टीमची छोटी बैठक होती. रोज सकाळी होते ती. प्रत्येकानं थोडक्यात सांगायचं, काल काय केलं, आज काय करणार, आणि काही अडथळा आहे का. अडथळा कुणी सांगितला तर तो दूर करणं हे कुणालीचं काम. ती रात्रभर प्रणयसोबत हॉस्पिटलात होती, अंघोळ करून थेट टेबलाशी बसलेली. एकेकानं सांगितलं. बटणाचा रंग बदलला. तक्ता लवकर उघडतो आता. नकाशाची चाचणी आज संपेल. "अडथळा?" तिनं प्रत्येकाला विचारलं. नाही, नाही, नाही.

"तुझ्याकडून काही, कुणाली?" स्वरूपनं विचारलं. तो त्या दिवशी बैठकीला होता.

"आमच्या इथली एक म्हातारी पडली. झिऱ्यावर. त्याच पाड्यावरची."

सुरजनं कॅमेरा बंद केला.

"अरेरे," स्वरूप म्हणाला. "फार वाईट झालं. तुला रजा हवी का? घे ना. आम्ही सांभाळतो."

"रजा नको," ती म्हणाली, आणि तिनं बैठक संपली असं सांगितलं. मग लॅपटॉप मिटून ती खोलीतच बसून राहिली. शकूबाई चहा घेऊन आल्या, कप टेबलावर ठेवला आणि सुनेच्या पाठीवर हात फिरवत उभ्या राहिल्या. "नोकरी सोडतेस का?" त्यांनी हळूच विचारलं.

"सोडून काय होईल, आई?"

शकूबाईंनी चहाचा कप तिच्या हाताशी सरकवला.

मालू त्यानंतर ढाब्यावर आली नाही. सासूचं उठवणं-बसवणं, दोन मुली आणि पाणी, यातून तिला सवड होणार नव्हतीच. शकूबाईंनी दुसरी बाई ठेवली. मेच्या शेवटी मोठ्या नियोजनाला कुणाली ऐरोलीला गेली. हॉलभर फळे लावले होते, त्यांवर टीमची नावं आणि चिठ्ठ्या. तिनं आपल्या हातानं आपल्या फळ्यापासून भाविकाच्या फळ्यापर्यंत लाल दोरा लावला. असे कितीतरी दोरे होते, तिचा त्यांत मिसळून गेला. भाविकानं तिचा हात दाबला आणि म्हणाली, "या वेळी नक्की घेते." आणि तिनं खरंच घेतलं. पण तिच्या टीमनं काम हातात घ्यायच्या आधीच पाऊस सुरू झाला आणि खात्यानं टँकर बंद करण्याचा आदेश काढला.

जुलैमध्ये बॅकलॉग साफ करायची बैठक झाली. जी कामं आता कुणाला लागणार नाहीत, ती काढून टाकायची. स्वरूप एकेक वाचत होता. ही मागणी आली तेव्हा तो क्षणभर थांबला.

"पाडा निवडण्याची सोय. टँकर आता बंद आहेत. पुढच्या हंगामात खातं मागणी करेल तेव्हा नव्यानं घेऊ. बंद करू का?"

"बंद नको," कुणाली म्हणाली. "राहू दे."

"ठीक. खाली ठेवतो."

त्यानं ती यादीत सगळ्यात खाली ओढली.

त्या रविवारी ती बेहडपाड्याला गेली. काशी कल्याणहून आली तेव्हा कुणाली नि प्रणय तिला बघायला गेले होते, त्यानंतर कुणालीचं जाणंच झालं नव्हतं. खरं तर तोंड दाखवायचं धाडस होत नव्हतं. प्रणयनं तिला पायथ्याला सोडलं. वाट निसरडी झाली होती. दोन्ही बाजूंनी ओहोळ खळाळत होते, जिकडे तिकडे पाणीच पाणी. चांगो आणि मोठी मुलगी खाचरात लावणीला गेली होती. मालू घरात होती. तिनं कुणालीला पाट दिला, कोरा चहा ठेवला. तिनं ना टँकरचा विषय काढला, ना झिऱ्याचा. ढाब्यावरची नवी बाई भाकरी कशी करते, एवढं विचारलं.

"तुझ्यासारखी नाय करत," कुणाली म्हणाली.

मालू हसली. मग चुलीतलं लाकूड पुढे सारत तिनं विचारलं, "पुढल्या साली येईल का, वहिनी?"

कुणालीला हो म्हणता आलं असतं. होळीनंतर ती तसंच म्हणाली होती, पंधरा-वीस दिवस म्हणून.

"सांगता येत नाय गो," ती म्हणाली.

मालूनं मान डोलावली. तिच्या तोंडावर राग नव्हता, की नवलही नव्हतं. जणू तिला एवढंच खरं-खोटं करून घ्यायचं होतं. कोपऱ्यात बाजेवर काशी पडून होती. तिनं डोळे उघडले, पाहुणीकडे बघितलं आणि सुनेला काहीतरी पुटपुटली. म्हातारीची बोली कुणालीला नीट कळली नाही.

"काय म्हणतात?"

"कौल सरकलाय, पायाशी गळतंय म्हनते. हे आल्याशिवाय मला एकटीला बाज हलवता येत नाय."

कुणाली उठली. एका बाजूनं मालूनं धरली, दुसऱ्या बाजूनं तिनं, आणि दोघींनी म्हातारीसकट बाज उचलून चुलीजवळच्या कोरड्या जमिनीवर ठेवली. काशी कण्हली, मग शांत झाली. मालूनं गळत होतं तिथे पातेलं लावलं. कुणाली आणखी थोडा वेळ बसली, चहा प्याली, आणि अंधारायच्या आत वाट उतरायला हवी म्हणून निघाली.